बाहेरचा दिवा बंद, तरी मिणमिणतो: खटक्याशेजारचा इंडिकेटर नेमका कुठे चुकतो

सुदामा नगरातल्या आमच्या घराला बाहेरच्या बाजूने चार दिवे आहेत. फाटकाच्या दोन खांबांवर दोन, मागच्या अंगणात पाण्याच्या पंपावर एक आणि गच्चीवर टाकीजवळ ५० वॉटचा एक फ्लडलाइट. घरात बसून यांपैकी एकही दिसत नाही आणि चारही खटके जिन्याखालच्या एकाच बोर्डावर आहेत. त्यामुळे रात्री टाकीतले पाणी पाहायला वर गेलेला माणूस खाली येऊन खटका बंद करायला विसरला, की गच्चीवरचा दिवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, आणि कधी कधी समोरच्या काकांनी हाक मारून सांगेपर्यंत, भर उन्हात जळत राहतो. ५० वॉटचा दिवा रोज बारा तास विनाकारण जळला तर दिवसाला ०.६ युनिट आणि महिन्याला १८ युनिट वाया जातात. दिव्याचे आयुष्य घटते ते वेगळेच.

यावर उपाय म्हणून खटक्याशेजारी इंडिकेटर, म्हणजे बाहेरचा दिवा चालू असल्याचे दाखवणारे बारीक लाल दिवे, बसवायचे ठरले. काम अर्ध्या तासाचे वाटले होते, पण ते तीनदा करावे लागले आणि प्रत्येक वेळी निराळीच तक्रार उभी राहिली. या तिन्ही तक्रारी इतर घरांतही त्याच क्रमाने उद्भवलेल्या मी नंतर पाहिल्या, म्हणून कारणांसह त्या येथे मांडत आहे. ज्यांना विजेच्या कामाचा हात नाही त्यांनी हे वाचून वायरमनकडून काम नीट करून घ्यावे, स्वतः बोर्ड उघडू नये. ज्यांना हात आहे त्यांनीही मुख्य एमसीबी (पुरवठा तोडणारा स्वयंचलित खटका) पाडल्यावर प्रत्येक तार टेस्ट लॅम्पने, म्हणजे दोन तारा जोडलेल्या साध्या बल्बाने, तपासूनच तिला हात लावावा.

पहिली तक्रार: बंद केलेला दिवा रात्रभर मिणमिणतो

पहिल्या वेळी वायरमनने सगळ्यांत सोपा मार्ग निवडला. जुने खटके काढून, ज्यांच्या पोटातच बारीक लाल दिवा असतो असे चार नवे खटके त्याने बसवले. महाराणी रोडवरच्या विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात नुसते "इंडिकेटरवाला खटका द्या" म्हटले, तर बहुधा हाच खटका हातात पडतो. त्याच संध्याकाळी दोन गोष्टी लक्षात आल्या. बाहेरचा दिवा बंद असला की खटक्यातला लाल दिवा लागायचा आणि बाहेरचा दिवा लावला की तो विझायचा, म्हणजे आम्हाला हवे होते त्याच्या नेमके उलट. दुसरी गोष्ट रात्री साडेदहाला दिसली. फाटकावरचे दोन्ही एलईडी खटका बंद असूनही मंद निळसर उजेडाने मिणमिणत होते आणि पंपावरचा दिवा दर चारपाच सेकंदांनी एकदा लुकलुकत होता.

दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे. अशा खटक्यातला इंडिकेटर खटक्याच्या दोन टर्मिनलांमध्ये, म्हणजे खटक्याला समांतर, जोडलेला असतो. अंधारात खटका हाताला सापडावा, एवढ्यासाठीच त्याची योजना आहे. शयनगृहात किंवा न्हाणीघराबाहेर तो उपयोगी आहे, पण बाहेरचा दिवा चालू आहे की नाही हे सांगणे त्याचे काम नव्हे. खटका उघडा, म्हणजे बंद केलेला, असताना इंडिकेटरला लागणारा प्रवाह फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) निघून इंडिकेटरमधून, तेथून बाहेरच्या दिव्यातून आणि मग न्यूट्रलमध्ये (परतीच्या तारेत) जातो. बाहेरचा दिवा त्या प्रवाहाच्या वाटेतच उभा असतो. खटक्यातला हा बारीक लाल दिवा बहुधा निऑन वायूचा असतो आणि या निऑनबरोबर साधारणतः १०० ते २२० किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत असतो, त्यामुळे २३० व्होल्टवर हा प्रवाह एक मिलिअँपिअरच्या आसपास राहतो.

तारेच्या बल्बाच्या काळात हे कोणाच्या ध्यानीमनीही आले नाही, कारण ४० वॉटच्या बल्बातून एक मिलिअँपिअर गेला तरी त्याची तार गरमसुद्धा होत नाही. २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली, स्वस्त एलईडी घरोघर पोहोचले आणि त्यांच्यामागोमाग ही तक्रारही आली. एलईडी दिव्यात आधी एक कपॅसिटर भरतो आणि मग दिवा पेटतो. इंडिकेटरमधून झिरपणारा प्रवाह हा कपॅसिटर हळूहळू भरत राहतो, तो पुरेसा भरला की दिवा क्षणभर पेटतो, कपॅसिटर रिकामा होतो आणि पुन्हा भरू लागतो. पंपावरचा दिवा लुकलुकत होता तो यामुळे. साध्या बनावटीच्या स्वस्त दिव्यात हेच सतत मंद मिणमिणण्याच्या रूपाने दिसते. अशा वेळी दिवा खराब म्हणून दुकानात परत करण्यात अर्थ नाही, दुसरा आणला तरी तोही तसाच वागण्याची शक्यता मोठी आहे.

खात्री करून घेण्याची पद्धत सोपी आहे. एमसीबी पाडून खटक्यातल्या इंडिकेटरची एक तार सोडवावी, तिचे उघडे टोक टेपने झाकावे आणि पुन्हा वीज सुरू करून अंधारात दिवा पाहावा. मिणमिणणे थांबले तर दोषी इंडिकेटरच. थांबले नाही तर खटका फेजवर आहे की न्यूट्रलवर, हे पाहणे पुढचे काम. जुन्या घरांत दुरुस्ती करता करता खटका न्यूट्रलवर गेलेला आढळणे मुळीच दुर्मीळ नाही. हे तपासताना निऑनच्या टेस्टरवर विसंबू नये, कारण शेजारच्या तारेतून उमटलेल्या पोकळ दाबानेही, म्हणजे मागे प्रवाहाची ताकद नसलेल्या व्होल्टेजनेही, तो उजळतो. होल्डर आणि दोन तारा जोडलेला साधा बल्ब, ज्याला आपण टेस्ट लॅम्प म्हणतो, तो खटक्याच्या येणाऱ्या टर्मिनलवर आणि बोर्डातल्या न्यूट्रलवर लावावा. पूर्ण उजेडाने पेटला तर खटका फेजवर आहे. टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थिंगमध्ये मात्र लावू नये, घरात आरसीसीबी (वीज जमिनीकडे झिरपताच पुरवठा तोडणारा खटका) असेल तर तो तत्काळ पडेल आणि नसेल तर काय होईल ते अर्थिंगच्या अवस्थेवर अवलंबून राहील. खटका न्यूट्रलवर सापडला तर इंडिकेटरचा विचार नंतर, आधी ती चूक दुरुस्त करावी. अशा जोडणीत खटका बंद असतानाही बाहेरच्या ओल्या फिटिंगपर्यंत फेज पोहोचलेला असतो.

खटका फेजवर आहे, इंडिकेटर सोडवलेला आहे आणि तरीही दिवा मिणमिणतो, अशी वेळ आमच्या गच्चीच्या दिव्यावर आली. जिन्याखालून टाकीपर्यंत सुमारे पंचवीस मीटर पाइप जातो आणि त्याच पाइपमधून पंपाच्या स्टार्टरकडे जाणारा, सतत जिवंत असणारा फेजही जातो. शेजारीशेजारी धावणाऱ्या दोन तारा म्हणजे एक लांबलचक कपॅसिटरच होय. तारेच्या दर मीटर लांबीला १०० पिकोफॅरॅड धरले, तर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झवर दर मीटरला सुमारे ७ मायक्रोअँपिअर आणि पंचवीस मीटरला ०.२ मिलिअँपिअरच्या जवळपास प्रवाह पलीकडच्या तारेत उतरतो. काही एलईडींना तेवढाही पुरतो. वीज गेल्यावर घर इन्व्हर्टरवर चालत असेल आणि इन्व्हर्टर चौकोनी लहरींचा असेल, तर हे मिणमिणणे वाढते, कारण त्या लहरींमध्ये वरच्या वारंवारितेचे घटक अधिक असतात आणि ते कपॅसिटरमधून सहज पलीकडे जातात. "लाइट गेल्यावरच दिवा जास्त मिणमिणतो" ही तक्रार ऐकायला विचित्र वाटली तरी खरी असते.

यावरचा उपाय म्हणजे दिव्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरॅडचा, २७५ व्होल्ट एसीचा, एक्स-२ वर्गातला कपॅसिटर आणि त्याच्यावर एक मेगओहमचा रेझिस्टर. ५० हर्ट्झवर या कपॅसिटरचा अडथळा सुमारे ३२ किलोओहम असतो, म्हणजे चोरून आलेला एक मिलिअँपिअरही त्यावर ३२ व्होल्टपलीकडे दाब उभा करू शकत नाही आणि दिवा झोपलेला राहतो. एक्स-२ हा वर्ग पाहूनच घ्यावा, कारण त्याची बनावट थेट मेन्सवर राहण्यासाठी केलेली असते. पेटीत पडलेला जुना सिरॅमिक कपॅसिटर "चालून जाईल" म्हणून लावू नये. एकाच लाइनवर दोनतीन दिवे असतील तर त्या सगळ्यांना मिळून एक कपॅसिटर बहुधा पुरतो.

दुसरी तक्रार: पंपाला हात लावला की झिणझिण्या

पोटात इंडिकेटर असलेले खटके काढून दुसऱ्या वेळी साधे खटके आणि त्यांच्याशेजारी एकेका मॉड्यूलचे चार स्वतंत्र इंडिकेटर बसवले. दिवा चालू असताना इंडिकेटर लागावा असे वाटत असेल तर त्याची एक तार खटक्याच्या बाहेर जाणाऱ्या, म्हणजे दिव्याकडे जाणाऱ्या टर्मिनलला आणि दुसरी न्यूट्रलला जोडावी लागते. म्हणजे इंडिकेटर खटक्याला नव्हे, दिव्याला समांतर होतो. खटका बंद असताना त्याच्या दोन्ही टोकांना काहीच मिळत नाही आणि तो दिव्याकडे प्रवाहही ढकलत नाही. मिणमिणणे आणि उलटे दाखवणे या दोन्ही तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

अडचण होती ती न्यूट्रलची. ज्या बोर्डावर प्लगचे सॉकेट असते तेथे न्यूट्रल असतोच. परंतु आमचा जिन्याखालचा बोर्ड घर बांधले तेव्हाचा, लाकडी केसिंग-कॅपिंगच्या काळातला. त्यात फक्त फेज येतो आणि दिव्यांकडे जाणाऱ्या तारा निघतात, न्यूट्रल परस्पर वरच्या जोडातून दिव्यांना दिलेला आहे. बोर्डात हिरवी तार मात्र होती, मागे कोणीतरी धातूच्या पट्टीला अर्थिंग द्यायला आणलेली. वायरमनने चारही इंडिकेटरांची दुसरी तार या हिरव्या तारेला जोडली आणि चारही सुरेख लागले. मी स्वतः शेजारी उभा होतो आणि काम झाले म्हणून समाधानाने चहा सांगितला, हेही येथे कबूल केले पाहिजे.

सात-आठ महिने काही झाले नाही. मग ऐन मे महिन्यात पंपाच्या लोखंडी अंगाला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या, पण फक्त रात्री. दिवसा पंप चालू करून पाहिला, अगदी अनवाणी ओल्या फरशीवर उभे राहून हात लावण्याचा मूर्खपणाही केला, तरी काही जाणवले नाही. पंपाचे वाइंडिंग उतरले असावे म्हणून तो सोडवून दुकानात नेला, तेथे तो निर्दोष ठरला. त्याच सुमारास चारही इंडिकेटर मंदावले होते, पण ते स्वस्तातले असल्यामुळे गेले असतील असे समजून आम्ही तिकडे दुर्लक्ष केले. उलगडा झाला तो पुतण्यामुळे. एका रात्री मी पंपाला हात लावला आणि चटकन मागे घेतला, तेव्हा जिन्याखाली उभा असलेला तो म्हणाला, "काका, आत्ता क्षणभर लाल लाइट लागले होते."

अर्थिंगच्या खड्ड्याकडे जाणारी जस्त चढवलेली लोखंडी तार मातीलगत गंजून तुटली होती. ती तुटल्यावर घरातली सगळी हिरवी तार, आणि तिला जोडलेले पंपाचे, गिझरचे, फ्रिजचे अंग, जमिनीपासून सुटले. बाहेरचे दिवे लागले की चार इंडिकेटरांतून फेज त्या हिरव्या तारेवर येत होता आणि परतीची वाट नसल्यामुळे हात लावणाऱ्याची वाट पाहत होता. प्रत्येक इंडिकेटरमागे सुमारे एक, म्हणजे चार मिळून चार मिलिअँपिअर. एवढा प्रवाह अंगाला स्पष्ट जाणवतो. घरातला आरसीसीबी यात मध्ये पडत नाही, कारण तो ३० मिलिअँपिअरचा आहे आणि साधारण त्याच्या निम्म्याखाली तो पडण्याची अपेक्षाच नसते. दिवसा दिवे बंद, म्हणून झिणझिण्याही बंद. रात्रीच का, या प्रश्नाचा पाठपुरावा पहिल्याच दिवशी केला असता तर पंप दुकानापर्यंत वाहून न्यावा लागला नसता.

अर्थिंग ही दोष उद्भवला तरच प्रवाह वाहून नेण्यासाठी असते, रोजच्या वापराची परतीची वाट म्हणून नव्हे. इंडिकेटर कितीही बारीक असला तरी या नियमाला अपवाद नाही. बोर्डात हिरव्या तारेला इंडिकेटर, फॅन रेग्युलेटर किंवा अन्य काहीही जोडलेले दिसले, तर दुसरे कोणतेही काम हाती घेण्याआधी ते सोडवावे.

न्यूट्रल आणायचा तो त्याच सर्किटचा आणावा, ज्या एमसीबीवरून हे दिवे चालतात त्याच एमसीबीबरोबर जाणारा. जवळच्या खोलीतल्या सॉकेटमधून दुसऱ्याच सर्किटचा न्यूट्रल उसना घेणे सोयीचे असते आणि इंडिकेटरही लागतो. पण पुढे कधी कोणी त्या खोलीचा एमसीबी पाडून, तेथला न्यूट्रल सोडवून काम करू लागला, तर बाहेरच्या दिव्यांच्या खटक्यातून इंडिकेटरमार्गे फेज त्याच्या हातातल्या काळ्या तारेवर येईल. एमसीबी पाडलेला असल्यामुळे तो बेसावध असेल आणि शिडीवर असेल तर झटक्यापेक्षा पडण्याने अधिक इजा होईल. आम्ही शेवटी वितरण पेटीपासून जिन्याखालपर्यंत एक स्वतंत्र काळी तार ओढली. त्यासाठी भिंतीवर नऊ मीटर पीव्हीसी पट्टी लागली. ती दिसायला वाईट दिसते, हे घरात मला अजून ऐकवले जाते.

न्यूट्रल आणणे खरोखरच अशक्य असेल, तर पोटात इंडिकेटर असलेला खटका ठेवून दिव्यावर वर सांगितलेला कपॅसिटर लावावा आणि उलटी भाषा पत्करावी. लाल विझला म्हणजे दिवा चालू, असे बोर्डावर लिहून ठेवले तर घरच्या माणसांना आठवड्याभरात सवय होते. पाहुण्यांना होत नाही.

तिसरी तक्रार: इंडिकेटर खोटे सांगतो

आता जोडणी बरोबर झाली, इंडिकेटर दिव्याबरोबर लागू लागला आणि दिव्याबरोबर विझू लागला. पावसाळा सुरू होईपर्यंत सर्व सुरळीत चालले. जूनच्या अखेरीस मोठा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी फाटकाचा खटका बंद असतानाही त्याचा इंडिकेटर मंद लाल दिसू लागला. चार दिवस ऊन पडल्यावर तो आपोआप विझला आणि पुढच्या पावसात पुन्हा लागला. इकडे गच्चीचा इंडिकेटर तर कोरड्या दिवसांतही खटका बंद असताना अर्धवट उजळलेला असायचा. दोघांचे लक्षण सारखे दिसत होते, कारणे मात्र अगदी भिन्न निघाली.

दोन्हींतला फरक ओळखायला सगळ्यांत उपयोगी वस्तू म्हणजे देवघरातला झीरो बल्ब. नावाला झीरो असला तरी तारेचा झीरो बल्ब साधारण १५ वॉट घेतो आणि येथे तेच हवे असते. खटका बंद ठेवून हा बल्ब इंडिकेटरच्या दोन टोकांना समांतर जोडावा. बल्ब न पेटता इंडिकेटर पूर्ण विझला, तर समजावे की आलेला दाब पोकळ आहे, शेजारच्या तारेतून उमटलेला आहे आणि त्याच्यामागे प्रवाह देण्याची ताकद नाही. बल्ब थोडासा जरी लाल झाला, तर तो दाब पोकळ नव्हे. कुठेतरी फेज खरोखर झिरपतो आहे आणि तो शोधल्याशिवाय थांबता येणार नाही. डिजिटल मल्टिमीटर या कामात फसवतो. त्याचा स्वतःचा अडथळा इतका मोठा असतो की पोकळ दाबालाही तो ७० किंवा ९० व्होल्ट दाखवतो आणि पाहणारा उगीच घाबरतो.

गच्चीच्या बाबतीत इंडिकेटर बल्ब लावताच विझला. वर जाऊन पाहिले तेव्हा फ्लडलाइटचे आतले सर्किटच जळालेले होते. दिवा जिवंत असताना तारेवर उमटलेला प्रवाह दिव्यातून, किंवा त्याच्यावर लावलेल्या कपॅसिटरमधून, न्यूट्रलमध्ये निघून जात होता. आमचा कपॅसिटर फिटिंगच्या आत होता आणि त्याची एक तार त्या जळालेल्या जागीच सुटली होती, त्यामुळे तो सगळा प्रवाह इंडिकेटरच्या वाट्याला आला. शिवाय तेथे एलईडीचा इंडिकेटर होता आणि एलईडी ०.१ मिलिअँपिअरवरही दिसण्याइतका उजळतो. निऑन अशा प्रसंगी एकतर लागतच नाही किंवा क्वचित फडफडतो, कारण पेटण्यासाठी त्याला निदान साठ-सत्तर व्होल्ट लागतात. म्हणून लांबच्या लाइनीवर मी निऑनच पसंत करतो. त्याचाही एक दोष आहे. वर्षानुवर्षे जळून त्याची काच आतून काळवंडते, पेटण्याचा दाब वाढत जातो आणि तो फडफडू लागतो. असा म्हातारा निऑन उजेडात ठीक चालतो आणि अंधारात अधिक फडफडतो, कारण बाहेरचा प्रकाशही त्याला पेटायला मदत करत असतो. जिन्याखालच्या अंधारात तो फडफडला म्हणून वायर सैल आहे असा निष्कर्ष काढण्याआधी त्याच्यावर टॉर्चचा उजेड टाकून पाहावा. स्थिर झाला तर इंडिकेटर बदलावा, वायरिंग उकलू नये.

फाटकाच्या इंडिकेटरला बल्ब जोडला तेव्हा मात्र बल्बाची तार किंचित लाल झाली. खांबातली जोडपेटी उघडली तेव्हा तळाशी बोटभर पाणी होते आणि त्यात दोन पिळलेले जोड बुडालेले होते, एक घंटीच्या बटणासाठी नेलेल्या सतत जिवंत फेजचा आणि दुसरा दिव्याच्या तारेचा. टेप केव्हाच सुटली होती. पेटीचे झाकण आयपी ६५ होते, म्हणजे धुळीपासून पूर्ण आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून बचाव करणारे. पण वरून शिरणाऱ्या पाइपाचे तोंड उघडे होते आणि सगळे पाणी त्या तोंडातूनच आत उतरत होते. बाहेरच्या पेटीत पाइप नेहमी खालून शिरवावा, वरून शिरवणे भागच असेल तर ग्लँड (तोंडाची फट बंद करणारा जोड) लावावा आणि तार आत येण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या टोकावरून गळून जाते. जोड पिळून टेप मारण्याऐवजी कनेक्टरमध्ये घ्यावेत आणि पेटीच्या तळापासून उंच ठेवावेत.

एवढे झाल्यावर त्या लाइनीचे इन्सुलेशन मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा अडथळा मोजणाऱ्या यंत्राने, तपासून घेतले. ५०० व्होल्टच्या मेगरवर किमान एक मेगओहम यायला हवा. मेगर लावण्याआधी त्या लाइनीवरचे दिवे, इंडिकेटर आणि कपॅसिटरवरचा रेझिस्टर सोडवावे लागतात, हे अनेक जण विसरतात. इंडिकेटर तसाच ठेवला तर वाचन त्याच्याच रेझिस्टरचे येते आणि चांगली लाइन खराब ठरते. एलईडीचे सर्किट तर ५०० व्होल्टने जळूही शकते.

बरोबर जोडलेल्या इंडिकेटरलाही एक मर्यादा आहे, तीही येथेच सांगून ठेवतो. खटक्याने दिव्याकडे वीज सोडली आहे, एवढेच तो सांगतो. वर दिवा प्रत्यक्ष पेटला की नाही हे त्याला कळत नाही. ते कळायला दिव्यातून जाणारा प्रवाह मोजणारा इंडिकेटर लागतो. ९ वॉटच्या एलईडीचा प्रवाह इतका थोडा असतो की घरगुती जुगाडाने तो भरवशाने ओळखता येत नाही. मालिकेत डायोड घालून लाल एलईडी पेटवण्याची युक्ती सांगितली जाते, ती मी करून पाहिली आणि काढून टाकली. बंद बोर्डात डायोड गरम होत राहावेत एवढे महत्त्व या माहितीला नाही.

जिन्याचा दुहेरी खटका आणि सेन्सर

खालून लावायचा आणि वरून बंद करायचा, असा टू-वे खटका गच्चीच्या दिव्याला असेल तर पोटात इंडिकेटर असलेले खटके मुळीच घेऊ नयेत. त्यातला इंडिकेटर दोन प्रवासी तारांमध्ये, म्हणजे दोन्ही खटक्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या तारांमध्ये, पडतो, दिवा बंद असतानाच लागतो आणि दोन्ही टोकांना असे खटके असतील तर झिरपणारा प्रवाह दुप्पट होतो. स्वतंत्र इंडिकेटर लावायचा तर त्याची तार प्रवासी तारांना न लावता, ज्या खटक्यातून दिव्याकडे तार निघते त्या खटक्याच्या मधल्या टर्मिनलला लावावी. दुसऱ्या टोकाच्या बोर्डावरही इंडिकेटर हवा असेल तर दिव्याच्या तारेवरून एक जादा तार तेथपर्यंत न्यावी लागते, याला दुसरी पळवाट नाही.

अंधार पडला की आपोआप लागणारा सेन्सर बसवला असेल, तर इंडिकेटर सेन्सरच्या पुढे, म्हणजे दिव्याच्या बाजूला जोडायचा. खटक्याच्या टर्मिनलला जोडला तर खटका कायम चालू असल्यामुळे तो दिवसभर लालच राहील आणि काही दिवसांत त्याच्याकडे कोणी पाहणार नाही. सेन्सर बहुधा वरच असतो, म्हणून येथेही एक तार खाली आणावी लागते. तेवढा खटाटोप नको असेल तर सेन्सरवाल्या दिव्याला इंडिकेटर लावूच नये.

काम पूर्ण झाल्यावर बोर्ड बंद करण्याची घाई करू नये. त्या रात्री बाहेरचे सगळे खटके बंद करून, रस्त्याचा उजेड पडत नाही अशा बाजूने प्रत्येक दिवा पाहावा. डोळे अंधाराला सरावायला दहाएक मिनिटे जातात आणि मंद मिणमिणणे त्यानंतरच दिसते. मग इन्व्हर्टरवर घर चालवून तीच पाहणी पुन्हा करावी आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर तिसऱ्यांदा. आमच्या बोर्डाचे चार स्क्रू मी ऑगस्टपर्यंत पूर्ण आवळलेच नव्हते.